पैसे मोजले, तरी कुलूप आपल्यालाच



आज मी कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल बोलणार आहे. लगेच रेडिओचा कान पिळू नका! "आमचं काय काम त्या खेळांशी," असं म्हणाल. पण त्या खेळाचे पैसे कुणाच्या गाठीचे जातात? आपल्याच ना? मग दहा-पंधरा मिनिटं ऐकून घ्या.

माझं भोकरला टायपिंग आणि डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पीकविम्याचे अर्ज, बचत गटाचे ठराव, सगळं करते. वीस वर्षांच्या वर झाली. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी शटर वर करते न करते तोच मोटारसायकल येऊन थांबली. चालवणारा विशीच्या आतला पोरगा, मागं त्याची आई. आमच्याच गटातल्या वहिनी. त्यांच्या मांडीवर गोधडीत काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. माझ्या काळजात धस्स झालं. वाटलं, लेकरू आजारी आहे, दवाखान्यात निघाल्या आहेत. गोधडी सोडली तर आत कॉम्प्युटरचा डबा!

"ताई, याला तेवढं तुमचं नेट लावून द्या," वहिनी म्हणाल्या. "एकदा नेट लावल्याबिगर खेळ सुरूच होईना म्हणतोय."

पंधरा-सोळा किलोमीटर खड्ड्यांच्या रस्त्यानं ते धूड मांडीवर धरून आणलं होतं. पोरानं कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वेचणी केली, तिच्या पैशांतून 1,800 रुपयांचा खेळ घेतला. रीतसर, पावतीसकट. जुना कॉम्प्युटर आधीच होता, नांदेडहून आणलेला. आता खेळ घरी बसून खेळायचा, एकट्यानं. त्यात दुसऱ्या कुणाशी सामना नाही, काही नाही. तरी तो सुरू होताना कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतो, "हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे का?" तिकडून "हो" आलं तरच दार उघडतं. आणि यांच्या गावात रेंज कुठं, तर पाण्याच्या टाकीपाशी. फोन लागतो, मेसेज येतो; पण खेळाला सलग नेट हवं.

मी वायर लावून दिली. खेळ उघडला. पोराचा चेहरा असा खुलला म्हणता! पण आठवड्यात स्वारी परत हजर, गोधडीसकट. खेळानं पुन्हा ओळख मागितली होती. मग एकदा विजेच्या झटक्यानं आतला बोर्ड जळाला. नांदेडला वजिराबादेतून दुसरा बसवून आणला, तर खेळ म्हणतो, हा वेगळाच कॉम्प्युटर आहे आणि तुमच्या वाट्याच्या परवानग्या संपल्या. कंपनीला आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्याचा अर्थ एवढाच की नवीन विकत घ्या.

आणि शेजारच्या गल्लीतल्या पोराकडं तोच खेळ पेनड्राइव्हवर होता. कुणीतरी कुलूप तोडून दिलेला, फुकट. ना नेट लागतं, ना ओळख. दिवसरात्र खेळतोय.

वहिनींनी मला विचारलं, "ताई, मग आम्ही पैसे देऊन येडे ठरलो का?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. मी चहा सांगितला आणि विषय बदलला. खरं सांगते, त्या प्रश्नानं माझी स्वतःचीच जुनी जखम उघडी पडली होती. ते पुढं सांगते. आधी हे कुलूप म्हणजे काय ते बघू.

कापड, भांडी, विळा आपण घेतला की आपला. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. त्याची दुसरी प्रत काढायला क्षणही लागत नाही आणि खर्चही नाही. त्यामुळं बनवणाऱ्याला भीती असते की एकानं विकत घ्यायचं आणि गावभर वाटायचं. ही भीती खोटी नाही. आपल्या पुण्यातल्या एका कंपनीनं, नॉडिंग हेड्स गेम्सनं, 'राजी' नावाचा खेळ केला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, जुन्या भारतातले वाडे-मंदिरं, देवादिकांच्या गोष्टी. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणीसारखे पैसे मागितले, ते ठरवल्याएवढे जमले नाहीत. तरी नेटानं काम पुढं नेलं आणि 2020 मध्ये खेळ बाजारात आणला. इतकी वर्षं खपून केलेली वस्तू कुणी फुकट उचलली तर जीव तुटणारच. आपण पापड लाटावेत आणि वाळत घातलेले कुणी पदरात भरून न्यावेत, तसंच हे. म्हणून चोरी ती चोरीच, हे मी आधीच सांगून ठेवते.

पण पापड चोरीला जातात म्हणून आपण गिऱ्हाइकाच्या डब्याला कुलूप लावतो का? "रोज जेवताना आम्हाला फोन करा, मगच डबा उघडेल," असं म्हणतो का? कंपन्यांनी नेमकं तेच केलं.

आधी सीडीचा जमाना होता. सीडी आत असल्याशिवाय खेळ चालू नये म्हणून सेफडिस्क, सिक्युरॉम अशा नावांचे राखणदार प्रोग्राम खेळाबरोबरच कॉम्प्युटरात शिरायचे. सीडीवर ओरखडा आला की खेळ संपला. 2008 साली 'स्पोर' नावाचा एक गाजलेला खेळ आला. तो विकत घेतला तरी तीनच वेळा बसवता येत होता. लोक इतके चिडले की कंपनीला नंतर तो आकडा वाढवावा लागला. आणि गंमत बघा, त्या वर्षी चोरून सगळ्यांत जास्त उतरवल्या गेलेल्या खेळांत त्याचं नाव वरच होतं. म्हणजे कुलपानं चोर अडला नाही. अडलं कोण?

2010 मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. 'असॅसिन्स क्रीड 2' खेळत असताना नेट सारखं चालू पाहिजे. मध्ये तुटलं की खेळ जागच्या जागी थांबणार. मार्च महिन्यात कंपनीचेच कॉम्प्युटर बसले, तेव्हा पैसे देणारे घरात हात चोळत बसले. ते शहरातले, पक्क्या नेटचे लोक. आपल्याकडं दिवसातून किती वेळा लाइट जाते ते तुम्हाला सांगायला नको. 2013 मध्ये 'सिमसिटी' या खेळाचीही तीच गत झाली. विक्रीच्या पहिल्याच दिवसांत इतकी गर्दी झाली की विकत घेतलेल्यांना आत शिरता येईना. शेवटी त्या कंपनीला दुसरा एक खेळ फुकट देऊन लोकांची समजूत काढावी लागली.

मग 2015 मध्ये विंडोज 10 आली. जुन्या सीड्यांवरचे ते राखणदार प्रोग्राम कॉम्प्युटरच्या फार आतपर्यंत हात घालतात, त्या वाटेनं व्हायरस शिरू शकतो, म्हणून मायक्रोसॉफ्टनं ते चालवायचंच बंद केलं. बरोबरच केलं म्हणा. पण त्यामुळं दहा वर्षांपूर्वी नगद पैसे देऊन घेतलेले कित्येक खेळ कपाटात सीडी असूनही चालेनासे झाले. चोरीच्या प्रतीतून राखणदार आधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळं ती मात्र चालते.

अलीकडं डेनुवो नावाचं एक कुलूप फार वापरतात. ऑस्ट्रियातल्या कंपनीचं आहे. खेळ बाजारात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मोठी विक्री होते, तेवढा काळ चोराला रोखून धरायचं, हा त्यामागचा हिशोब. पुढं कित्येक कंपन्या ते कुलूप स्वतःच काढूनही टाकतात. म्हणजे ज्यानं पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याला कुलूप, आणि दोन वर्षांनी सवलतीत घेणाऱ्याला दार सताड उघडं! मला तर हे ऐकून हसूच आलं.

आता माझी जखम.

दुकान टाकलं तेव्हा, 2004 च्या आसपास, मी मराठी अक्षरांचं एक पॅकेज घेतलं. नाव सांगत नाही. त्या काळी मराठी डीटीपीच्या कॉम्प्युटरमागं एक बोटभर लांबीचा ठोकळा लावायचा. त्याला डोंगल म्हणायचे. आम्ही सरळ 'लॉक' म्हणायचो. तो लावलेला असेल तरच मराठी अक्षर उमटणार. माझ्या आईनं पाटल्या मोडून ते पॅकेज घेऊन दिलं होतं. मी रोज रात्री तो ठोकळा काढून रुमालात गुंडाळून घरी न्यायची, मंगळसूत्र जपावं तसा.

एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि लॉक गेलं. लग्नसराई ऐन भरात. अकरा पत्रिका हातात, त्यांतल्या दोन तर चार दिवसांवरच्या. पॅकेज माझ्या कॉम्प्युटरात जसंच्या तसं होतं. सीडी होती, पावती होती, मी होते. फक्त तो ठोकळा मेला होता. फोन केला तर म्हणाले, नवीन लॉकला जवळजवळ नव्या पॅकेजएवढेच पैसे पडतील आणि जुनं पाठवून द्या, तपासून सांगू. तपासून होईपर्यंत पोरींची लग्नं लागून वरात घरी गेली असती.

अकरांतल्या आठ पत्रिका दुसऱ्या दुकानात गेल्या. तिथं तेच पॅकेज होतं, लॉक तोडलेलं. त्यांना विजेची भीती नव्हती.

मग मी काय केलं? सांगू का नको, असं आठ दिवस चाललं होतं मनात. पण वहिनींसमोर गप्प बसले, आता तुमच्यासमोर नाही बसणार. मीही ती तोडलेली प्रत आणली. आणि खोटं कशाला बोलू, ती उत्तम चालली. माझ्या विकतच्या प्रतीपेक्षा चांगली चालली. फक्त दुकानापुढं अनोळखी गाडी थांबली की पोटात गोळा यायचा. कुणी म्हणायचं, नांदेडला तपासणी झाली. की मी दोन दिवस शटर अर्धं ओढून बसायची. पैसे मोजलेलं पॅकेज कपाटात आणि मी चोरासारखी. हे माझ्या आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढं युनिकोड आलं आणि आमची त्यातून सुटका झाली. तुम्ही मोबाइलवर मराठी मेसेज करता ना, तेच ते युनिकोड. कुठल्याही कंपनीच्या फोनवर उमटतं. आता मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला 'मुक्त' सारखा सुबक फॉन्ट कुणीही फुकट घ्यावा, छापावा, दुसऱ्याला द्यावा. त्याचा परवानाच तसा आहे. पण माझ्या जुन्या कामाचं काय झालं? ते सगळं त्या जुन्या पॅकेजच्या अक्षरांत. आज उघडलं की नुसती इंग्रजी खुणांची खिचडी दिसते. आपल्या गटाचे पहिल्या पाच वर्षांचे ठराव त्यात आहेत. मी स्वतः टाइप केलेले, आणि मलाच वाचता येत नाहीत.

म्हणून ते पोरगं गोधडीतला डबा घेऊन आलं तेव्हा मला ते नुसतं खेळाचं खूळ वाटलं नाही.

आपल्या शेतीत हेच झालं असतं, ठाऊक आहे का? 1998 च्या सुमारास 'टर्मिनेटर' बियाण्याची मोठी ओरड झाली होती. पीक येणार, पण त्याचं बी पुन्हा पेरलं तर उगवणारच नाही, असं कुलूप दाण्याच्या आतच घालायची कल्पना. आपल्याकडं 2001 साली पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात लिहिलं आहे की असलं तंत्र घातलेल्या वाणाची नोंदणीच होणार नाही. आणि शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याशी बदलायचा, अगदी विकायचाही हक्क आहे. फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत घालून विकायचं नाही. सरकीच्या संकरित बियाण्याची दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते ती गोष्ट निराळी. पण हक्क कागदावर आहे. घेणाऱ्याच्या बाजूनं कुणीतरी विचार केला, तेव्हा तो आला.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत कागद काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात विकत घेतलेल्या प्रोग्रामची एक जादा प्रत, मूळ खराब झालं तर असावी म्हणून, काढून ठेवायला मुभा आहे. पण ती प्रत कुलूप चालू देतं कुठं? उलट 2012 मध्ये त्याच कायद्यात 65 अ कलम घातलं. दुसऱ्याचा हक्क बुडवण्याच्या हेतूनं असलं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी वाट त्याच कलमात ठेवली आहे खरी, पण ती शोधायला वकील लागेल. आणि चोरीचा प्रोग्राम आहे हे माहीत असून वापरणाऱ्यालाही शिक्षा आहे. तेव्हा शेजारच्या पोराच्या पेनड्राइव्हकडं बघून हुरळू नका. पेनड्राइव्हमधून खेळाबरोबर आणखी काय काय येतं ते मी दुकानात रोज निस्तरते. ज्या कॉम्प्युटरवर गटाचा हिशोब आणि बँकेचा व्यवहार होतो, त्यावर तर असलं काही घालूच नये.

बाहेरच्या देशांत लोक आता यावर उघड बोलू लागले आहेत. निमित्त झालं 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचं. 2014 मध्ये तो आला, लोकांनी पैसे देऊन घेतला. 31 मार्च 2024 ला कंपनीनं आपले कॉम्प्युटर बंद केले आणि खेळ कायमचा गेला. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी नाही. त्यानंतर युरोपात 'खेळ मारू नका' अशा मागणीवर सह्यांची मोहीम निघाली आणि 2025 च्या जुलैत तिनं 10 लाखांचा आकडा ओलांडला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. वस्तू कायमची देत नसाल, नुसता वापरायचा परवाना देत असाल, तर 'विकत घ्या' असं मोघम लिहून चालणार नाही. ते गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा. एवढंच. पण एवढं तरी.

आणि बिनकुलपाचा धंदा चालतो हेही दिसलं आहे. पोलंडमधली मंडळी 2008 पासून जीओजी नावाचं दुकान चालवतात. तिथून खेळ घेतला की उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, नेट असो नसो, बसवा. त्यांचाच 'विचर 3' हा मोठा खेळ 2015 मध्ये तिथं पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा मिळत होता. कंपनी बुडाली नाही. खेळ जगभर धो धो खपला.

तर पोरानं खेळासाठी पैसे मागितले तर आधी त्याला शेजारी बसवून एवढं विचारा, बाळा, हा नेटशिवाय चालेल का? कॉम्प्युटर बिघडला तर दुसऱ्यावर बसवता येईल का? नाही चालला तर पैसे परत मिळतात का? स्टीम नावाच्या मोठ्या दुकानात घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे खेळ आणल्याबरोबर घरच्या रेंजवर तपासायचा, दुकानातल्या नेटवर नाही. इथंच आमची चूक झाली. पोरगं पहिल्यांदा माझ्याकडंच घेऊन आलं, खेळ चालला म्हणून निर्धास्त झालं, आणि दिवस उलटून गेले. पावती फोनमध्ये जपून ठेवा. विकताना सांगितलं नाही आणि नंतर अडवलं, तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

आम्हीही केला. तक्रारीचा नंबर मिळाला. 1,800 रुपये अजून आलेले नाहीत, येतीलच असं मी म्हणत नाही. पोरानं यंदाच्या वेचणीनंतर जुना, स्वस्तातला, बिनकुलपाचा एक खेळ घेतला. माझ्याच दुकानात उतरवून पेनड्राइव्हवर नेला. या वेळी मोटारसायकलवर वहिनी मोकळ्या हातानं बसल्या होत्या. परवा बैठकीला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरातले आपले ठराव माझ्या पोराला दाखवा की. तो म्हणतोय, जुनी अक्षरं युनिकोडात बदलायचा काहीतरी जुगाड नेटवर मिळतो."

मंगळवारी येणार आहे तो. पहिल्या वर्षीचे ठराव आधी उघडून बघणार आहोत.